बगळ्याच्या पिसांचा ठोकळा

इकडेतिकडे बघू नका, मी बोलतोय. इथे, खाली. पालथा पडलोय ना, म्हणून आवाज जरा दबका येतोय. तोंड ओल्या फडक्यात खुपसून बोलून बघा एकदा, मग कळेल.

मी एक ठोकळा. डोक्याने ठोकळा नाही हां, लाकडाचा. चेरीचं लाकूड, दोन बोटं जाड, चित्र छापायचा. माझ्या पोटावर बगळ्याची पिसं कोरलीत. ती तुम्हाला दिसणार नाहीत, पोट खाली आहे. पाठीवर एक जाडं कासव आहे, ते दिसेल. ते माझं नाही. ते मागाहून येऊन बसलंय, आयत्या बिळावर नागोबा. त्याचं नंतर सांगतो.

माझा जन्म इझूच्या डोंगरातला. वसंतात माणसं यायची, माझ्याखाली चटया टाकून दारू प्यायची आणि गळणारी फुलं बघून रडायची. कशाला रडायची देव जाणे, फुलं पुढच्या वर्षी परत यायचीच. मग एकदा दोघं कुऱ्हाड घेऊन आले. ते काही रडले नाहीत.

फळ्या पाडल्या, सावलीत रचल्या आणि विसरून गेले. वाळायला वर्षं जातात आम्हाला. माणसांची पोरं एवढी गप्प बसली असती तर घरोघरी पंडित झाले असते. वाळलो, मग बोटीतून एदो शहरात आलो, तिथल्या कांदा नावाच्या वस्तीत, गेनपाचीच्या घरी. हा कोरणारा. दिवसभर मुळ्याचं लोणचं चघळायचा आणि कुरकुरायचा. हात मात्र असा, की छिन्नी लागली की गुदगुल्या व्हायच्या, दुखायचं नंतर.

चित्र आणलं चित्रकारबुवांनी. बर्फ पडतोय, पाण्याकाठी एक बगळा एका पायावर उभा, ध्यान लावून. ध्यान कसलं, माशाचं. पायाशी बर्फात गळून पडलेलं त्सुबाकीचं एक लाल फूल. बास.

गेनपाचीने कागद उलटासुलटा करून पाहिला. "बुवा, बगळा कुठाय?"

"हा काय."

"ही चोच आहे. हा पाय आहे. बगळा कुठाय म्हणतो मी."

"बर्फात उभा आहे. पांढऱ्यावर पांढरा."

"म्हणजे तुम्ही कागद कोरा सोडायचा, नाव तुमचं, आणि बगळा उभा करायचा गेनपाचीनं. वा. पुढच्या वेळी चोचही सोडा, मी बघून घेईन."

"पिसं कोर तू. रंग लावायचाच नाही त्यांना. नुसती दाबून उठवायची. ज्याला बघायचंय तो कागद उजेडात तिरका धरेल."

"आणि ज्याला नाही बघायचं?"

"त्याला बर्फ दिसेल."

हे सगळं माझ्यादेखत चाललेलं. मी म्हटलं, कोणाच्या नशिबी येतंय हे बिनरंगाचं काम? तर गेनपाचीने मलाच पुढे ओढलं.

आम्ही एका चित्राचे बरेच ठोकळे असतो. रेषांचा तो दादा. त्याला काळी शाई, त्याचा तोरा वेगळाच. मग आभाळाचा राखाडी, पाण्याचा निळा, चोचीचा पिवळा. आणि लाकूड स्वस्त नसतं, म्हणून एका फळीवर दोन्हीकडून कोरतात. माझ्या पोटावर पिसं आली आणि पाठीवर ते लाल फूल. किती वर्षं पाठीला पाठ लावून राहिलो आम्ही, पण तोंड म्हणून पाहिलं नाही एकमेकांचं. ते करडईच्या फुलांचा लाल रंग पिऊन तर्र होऊन यायचं आणि मी आपला कोरडा. वाटायचं, एक थेंब तरी ओघळू दे बाबा कडेवरून. नाही ओघळला.

छापायला आम्ही गेलो तोमेगोरोकडे, त्याच गल्लीत चार घरं सोडून. तोमेगोरो आणि त्याची बायको ओशिमो, दोघंच. पोरबाळ नाही. एक मांजर होतं, करड्या रंगाचं, ते स्वतःला घरमालक समजायचं. ओशिमो कागद ओले करायची, खळ शिजवायची, आणि तिची जीभ गेनपाचीच्या छिन्नीपेक्षा बारीक चालायची.

छापणं सोपं दिसतं. ठोकळ्यावर रंग फासायचा, कोपऱ्यातल्या खाचेत कागदाचा कोपरा बसवायचा, वरून बांबूच्या सालीत बांधलेल्या घोटणीनं घोटायचं. खाच चुकली की बगळ्याची चोच डोळ्यात जाते. आधी दादा, मग आभाळ, मग पाणी, मग पिवळा, मग माझ्या पाठीवरचा लाल. आणि सगळ्यात शेवटी मी.

मी शेवटीच, हा नियम. कारण पिसं आधी उठवली आणि वरून दुसरा रंग घोटला, तर पिसं चेपून सपाट. म्हणून ज्या कागदावर पिसं, तो कागद पुरा झालेला, छापणाऱ्याला दुसरं काही बघावंच लागत नाही. हे नीट लक्षात ठेवा. ह्याच नियमानं पुढे घात केला.

बाकीच्यांना घोटणी, मला कोपर. खरंच. तोमेगोरो उजवी बाही वर सारायचा, ओल्या कागदावर उघडा कोपर टेकवायचा आणि अंगाचा भार हळूहळू सोडायचा. घट्टे पडलेला, वाळक्या मुळ्यासारखा कोपर. पण तो एकेका पिसावरून असा जायचा, की मला माझी पिसं पहिल्यांदा कळली ती त्याच्या कोपरानं. कागद माझ्या रेघांत उतरायचा, आणि उचलला की त्यावर बगळा असायचा. कोऱ्या कागदावर पिसांचा बगळा. रंग गेला खड्ड्यात, म्हटलं मी.

"अहो, एवढं दाबू नका त्याला," ओशिमो म्हणायची. "अंडं घालेल."

"नर आहे तो."

"तुम्हाला कसं माहीत?"

"घरी जायचं सोडून थंडीत उभा आहे. बायकोला घाबरून."

पहिली खेप धडाधड गेली. हिनोया नावाचं चित्रांचं दुकान होतं, आम्ही ठोकळे त्याच्या मालकीचे. तिथला मुनीम योहेई येऊन सांगायचा, की गिऱ्हाईक कागद हातात घेतं, नुसता बर्फ बघून नाक मुरडतं, मग दारात जाऊन तिरका धरतं आणि म्हणतं, अरेच्चा. योहेई बारका, सदा सर्दी झालेला आणि इतका सभ्य, की शिंकला तरी आधी माफी मागायचा.

मग तोमेगोरोच्या डोळ्यांत धुकं आलं.

एकदम नाही आलं. आधी आभाळ चुकलं. आभाळ वर गडद आणि खाली फिकं लागतं, त्यासाठी ठोकळ्यावरचा रंग ओल्या फडक्यानं हलकेच पुसून घेतात, डोळ्याच्या अंदाजानं. त्याचं आभाळ मध्येच गडद व्हायला लागलं, जसं कोणी बगळ्याच्या डोक्यावर घोंगडी टाकलीय. ओशिमोने दोनतीन कागद बघितले, ते चुलीत घातले आणि दुसऱ्या दिवसापासून फडकं स्वतःच्या हातात घेतलं. तो कागद बसवायचा, घोटायचा. खाच त्याला अंगठ्यानं कळायची. रंग ती बघायची. बाहेरच्याला वाटावं, बायको नवऱ्याच्या फार मागेमागे करते.

पुढच्या थंडीपर्यंत त्याला उजेड आणि अंधार एवढंच उरलं.

आता खरी गोष्ट अशी, की छापणाऱ्याचे डोळे गेले हे हिनोयाला कळलं, तर दुसऱ्या दिवशी हमाल येणार आणि आम्हाला उचलून दुसरीकडे नेणार. आणि तोमेगोरोला दुसरं काही म्हणजे काही येत नव्हतं. त्याला भात शिजवताही येत नव्हता. म्हणून नवराबायकोने नाटक सुरू केलं. ते बघायला मजा यायची, खोटं कशाला बोलू.

"या या, योहेई-सान. अगंबाई, आज निळा अंगरखा," ओशिमो दारातूनच ओरडायची.

की आतून तोमेगोरो, "निळा शोभतो हो तुम्हाला. वय कमी दिसतं."

"जुनाच आहे, तोमे-सान. रंगवून घेतला."

"तेच म्हणतो मी. रंग शोभतो."

एकदा तर योहेईसमोरच तो म्हणाला, "अगं, हा कागदाचा गठ्ठा उचल इथला, पायात येतोय." गठ्ठा उठला, आळस दिला आणि शेपटी वर करून बाहेर निघून गेला. माझी तर पाचावर धारण बसली.

ओशिमो शांतपणे म्हणाली, "काय करणार, तो गठ्ठा काही कामाचा नाही, हे खरंच आहे." योहेई हसला. तोमेगोरो हसला. तेवढ्यावर निभावलं.

माझं काम मात्र तो पूर्वीपेक्षा सरस करायला लागला. डोळे नव्हते, म्हणून सगळं ध्यान कोपरात. पिसाचं टोक कुठे संपतं आणि बर्फ कुठे सुरू होतो, ते त्याला दादापेक्षा जास्त कळायचं. आमच्या दोघांत काही लपवाछपवी नव्हती.

पण ओशिमो रात्रंदिवस एकाच काळजीत. आज रंग ती बघते, उद्या त्याचा हातही थरथरला तर? तिने ठरवलं, आपण सगळंच शिकायचं. उघड शिकता येत नव्हतं. बाईनं छापलेलं हिनोया घेणार नाही, आणि नवऱ्याला कळलं तर तो तिथेच मोडून पडेल. म्हणून तो दुपारी हमामखान्यात आंघोळीला गेला, की ती बाही खोचून बसायची. आणि शिकायला मलाच घ्यायची. कारण सरळ आहे, रंग लागत नाही, खर्च नाही, पुसायला नको, आणि पांढऱ्यावर पांढरं कोणाला दिसणार.

काडीसारखा कोपर तिचा. टोचायचा. कधी कागद फाटायचा, कधी बगळा लंगडा यायचा. ती दात खाऊन म्हणायची, "मेल्या, नीट उठ की." मला म्हणायची. जसं काही माझ्या हातात होतं. फसलेले कागद चुलीत जायचे.

आणि एका दुपारी जमलं. एक कागद असा उठला, की तोमेगोरोचा का तिचा, मलाही सांगता आलं नसतं. कोरा पांढरा कागद. रेष नाही, आभाळ नाही, चोच नाही, फूल नाही. नुसती पिसं, पण एकेक पीस जागेवर. ओशिमो तो कागद खिडकीत तिरका धरून बसून राहिली. हसत होती. हा काही तिच्याने चुलीत घालवेना. बाहेर तोमेगोरोच्या खडावा वाजल्या, तशी तिने तो फडताळावरच्या पुऱ्या झालेल्या कागदांत सारून दिला. नंतर काढू म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळीच योहेई आला. ओशिमो नाक्यावर भाजलेली रताळी आणायला गेली होती. तोमेगोरो एकटा.

"तोमे-सान, मालक म्हणतात, बगळा ह्या थंडीत परत काढायचा. मोठी खेप. त्याआधी आत्ताचा एक कागद बघायला द्या, आधीसारखाच येतोय ना एवढं मालकांना दाखवतो." मग शिंकला. "माफ करा."

मोठी खेप. तोमेगोरोचा चेहरा उजळला. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, थांबा, बायको येऊ दे. पण फडताळ कुठे हे त्याला माहीत होतं, आणि पुरा झालेला कागद कसा ओळखायचा हेही माहीत होतं. तो उठला, बिलकूल न चाचपडता गेला आणि कागदांवरून बोटं फिरवली. एका कागदावरची पिसं त्याला फार सुंदर लागली. मग तोच काढला. दोन्ही हातांनी, वाकून, योहेईपुढे धरला.

मी खाली, बाकावर. मला दिसत होतं सगळं. बोंब मारली असती, पण लाकडाला तोंड नसतं, नुसतं पोट असतं.

योहेईने कागद घेतला. बघितला. उलटा करून बघितला. परत सुलटा केला.

"कसा वाटतो?" तोमेगोरोने विचारलं.

बाहेर कोणीतरी बर्फ झाडत होतं, त्या झाडूचा आवाज तेवढा येत होता.

कारागीर माणूस, समोरचा गप्प बसला की त्याला वाटतं आपलंच काही चुकलं. तोमेगोरोने मान तिरपी केली, जणू काही तोही कागद न्याहाळतोय, आणि म्हणाला, "लाल जरा जास्त उतरलाय. मलाही ते खटकलं. यंदा करडई तेज आलीय. पुढच्या खेपेला सांभाळून घेतो."

योहेईच्या हातात कोरा कागद होता.

त्याने एकदा तोमेगोरोच्या डोळ्यांकडे पाहिलं. मग म्हणाला, "हो. लाल जरा जास्त आहे खरा."

तेवढ्यात ओशिमो दारात आली, बाहीत गरम रताळी. तिला योहेईच्या हातातला पांढरा कागद दिसला. ती जिथल्या तिथे थांबली. योहेईने कागद हळूच गुंडाळला, बाहीत घातला आणि तिच्यापुढे वाकला. मुनीम छापणाऱ्याच्या बायकोपुढे इतका वाकत नाही कधी. "वहिनी, येतो. थंडी फार आहे, जपा."

"रताळं तरी खाऊन जा," ती म्हणाली.

"पुन्हा कधीतरी."

तो गेल्यावर तोमेगोरो हात चोळत म्हणाला, "काही कळलं नाही त्याला. मी एकट्यानं निभावलं, बघ. उगाच घाबरतेस तू. लाल तेवढा कमी घे पुढच्या वेळी."

ओशिमोने रताळं सोललं आणि त्याच्या हातात दिलं. "हो," म्हणाली.

ज्याने पिसं ओळखली त्याची चूक म्हणावी, का जिने ती उठवली तिची? का माझी, मी इतकी बरोबर उठवली म्हणून? फसली असती त्या दिवशी तर आज मी उताणा असतो.

हमाल आले. निरोप फार गोड होता. मालक म्हणतात, तोमेगोरोने पुष्कळ केलं, आता थोडी विश्रांती घ्यावी. तोमेगोरो दारात उभा राहून एकेका ठोकळ्यावर हात ठेवत होता. माझ्यावरून बोटं गेली, पिसांच्या टोकापर्यंत गेली, मग उचललं मला. ओशिमो आत होती. मांजराला उगाच ओरडत होती.

आम्हाला नेलं नदीपलीकडे, फुकागावात, सेंताकडे. हा तरणा, हात झटपट, कामाला वाघ. वाईट माणूस नाही. योहेई त्याला समजावत होता की पिसं शेवटी, कोपरानं. सेंताने दोनचार कागद करून बघितले. कोपर त्याचा मऊ, त्याला जमेना.

"मुनीमजी, ह्यात निम्मा वेळ जातो. पांढऱ्यावर पांढरं, कोण बघतंय?"

योहेईने नाक पुसलं. तो बघत होता भलतीकडेच. "मालकही तेच म्हणाले. स्वस्तातली खेप काढायचीय. वगळा."

वगळा. संपलं माझं आयुष्य एका शब्दात.

संपलं असतं तर बरं झालं असतं. पण माझ्या पाठीवर लाल फूल होतं, आणि ते हवं होतं सगळ्यांना. म्हणून दर खेपेला मी कामावर. पालथा. खाली ओलं फडकं, कारण ठोकळा सरकता कामा नये. वरून माझ्या पाठीला रंग, कागद, घोटणी, वा वा. पोटात पिसं दबलेली. दिवसभर दुसऱ्याचा पाट होऊन राहायचं. दादा मला म्हणाला, "निदान कामात तरी आहेस." दादाला कोणीतरी चुलीत घालावं असं तेव्हा पहिल्यांदा वाटलं.

तसा बगळा दुकानात गेला. बिनपिसांचा. बर्फात एक चोच, एक पाय. लोक घ्यायचेही. कोणी कागद उजेडाकडे तिरका धरला असेल, तर त्याला काय दिसलं असेल? कागद.

लाल फूल झिजलं. बगळ्याचा खपही गेला. चित्र संपलं तशी हिनोयाने आमची फुकटात वाटावाटी केली. दादाचं काय झालं ठाऊक नाही, आवाज तेवढा ऐकला कुऱ्हाडीचा. मला चांगलं लाकूड म्हणून सेंताने ठेवून घेतलं. रंधा मारून फूल काढून टाकलं. इतक्या वर्षांचा शेजारी, भुगा होऊन उडाला, लाल लाल भुगा. त्याचं तोंड मी तेव्हा पाहिलं. मग त्या जागी सेन्बेईच्या दुकानाचं वेष्टण कोरून घेतलं. तेच हे कासव. तांदळाच्या कडक पापड्या गुंडाळायच्या कागदावर छापतात. लोक पापडी खातात आणि कासव फेकून देतात. कोणी तिरकं धरत नाही.

असाच एक दिवस बर्फ पडत होता, दिवेलागणीला अजून वेळ होता, आणि गल्लीतून शिट्टी आली. बांबूची, मालिशवाल्याची. डोळे नसलेले लोक ती वाजवत फिरतात, ज्याचं अंग दुखतं तो हाक मारतो. सेंताचा खांदा धरला होता. त्याने हाक मारली.

काठी टेकत जो आत आला, त्याच्या पावलांवरून मी ओळखला. तोमेगोरो.

सेंता अंगरखा काढून पालथा पडला. माझ्या शेजारीच. दोघं पालथे. तोमेगोरोने उजवी बाही वर सारली आणि त्याच्या खांद्यावर कोपर टेकवला. भार हळूहळू सोडला. मी ऐकत होतो. ते काही ऐकू येण्यासारखं नसतं, पण मी ऐकत होतो.

"आई गं," सेंता म्हणाला.

"सोसा जरा. दगड झालाय. छापता वाटतं?"

"कसं कळलं?"

"उजवा खांदा डाव्यापेक्षा वर. आणि घरात खळीचा वास. मीही छापायचो, कांदात. हिनोयाचं काम. बर्फातला बगळा बघितलाय का कधी?"

"बघितलाय."

"पिसं बघितली? ती ह्या कोपराची."

सेंताने तोंड चटईत खुपसलं. मग म्हणाला, "मग सोडलं का?"

"एकदा लाल जास्त उतरला. मुनीम बघायला आला होता, मीच कबूल केलं. पायाशी एकच तर फूल, तेच भडक झालं तर चित्र गेलं. मालकानं ठोकळे नेले. बरोबर केलं, मी मालक असतो तर मीही नेले असते." मग तो खाली वाकला, हळू आवाजात, हसत. "पण एक गंमत सांगतो. डोळे गेलेत हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. बायको हुशार माझी."

"वहिनी बऱ्या आहेत ना?"

"गेली. छातीत कफ धरला. शेवटी शेवटी त्या लालाबद्दलच काहीतरी सांगत होती, रडत होती. मी म्हटलं, जाऊ दे गं, तुझा काय दोष, करडई तेज होती. बोलू दिलं नाही तिला. दम लागायचा."

कोपर थांबला नव्हता.

मालिश झाली. तोमेगोरोने हात टेकला तो नेमका माझ्यावर. सवयीनं बोटं फिरली. "कासव," म्हणाला. "सेन्बेईवाला. लाकूड चेरीचं आहे की. इझूकडचं. वेष्टणाला एवढं चांगलं लाकूड?"

"जुनं होतं. रंधा मारून घेतलं."

"आधी काय होतं ह्यावर?"

"काय माहीत," सेंता म्हणाला. "कितीतरी येतात, जातात."

तोमेगोरोची बोटं माझ्या काठापर्यंत आली. काठावरून खाली वळली. बोटभर आत गेली असती, तर पहिल्या पिसाचं टोक होतं. मी वाट बघत होतो. एवढी वाट मी रंगाचीही बघितली नव्हती.

"चहा घ्या," सेंता घाईनं म्हणाला. "गार होतोय."

बोटं निघून गेली. सेंताला लाज वाटली असेल. ह्या लोकांचं हे असंच. योहेईने दया केली, ओशिमोने केली, आता ह्याने केली. ज्याच्यावर केली त्याला पत्ता नाही. कागद कोराच.

शिट्टी वाजवत तो बर्फात गेला. नंतर काही हिवाळे ती गल्लीतून यायची, सेंता कधी हाक मारायचा नाही. यंदा आली नाही.

आता कासवही झिजलंय. वर्षानुवर्षं ओल्या फडक्यावर पडून माझं पोट फुगलंय, बुरशी चढलीय, पिसांच्या रेघा बुजत चालल्यात. काल सेंता मला हातात घेऊन म्हणत होता, हे कासव काढू, आणि दुसऱ्या बाजूला काय खरवडलंय ते पण साफ करू, नव्या वर्षाचं काहीतरी छापू. रंधा धार लावायला गेलाय. भुगा आंघोळीचं पाणी तापवायला जाईल. माझा भुगा लाल नसेल, एवढं मला माहीत आहे.

तुमच्याकडे माझं मागणं फार नाही. रंधा यायच्या आत कोणीतरी मला उताणा करा. कागद नको, रंग तर नकोच. नुसता कोपर टेका क्षणभर. आणि तुमच्या गल्लीत कधी बांबूची शिट्टी ऐकू आली, काठी टेकत कोणी म्हातारा आला, तर त्याला हाक मारा. त्याला म्हणावं, तोमे-सान, लाल जास्त नव्हता.

आईशप्पथ सांगतो, त्यात काही खोटं नाही. मी बघितलाय तो कागद.